लेकरांनी काय व्हायचं, हे कोण ठरवतं?

 

सप्टेंबर महिना आला की आपल्या केज तालुक्यात दोन गोष्टी एकदमच होतात. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. शाळेत लेकरं गाणी म्हणतात, गुरुजी निजामाच्या राज्याची गोष्ट सांगतात. आणि त्याच दिवसांत मुकादम गावोगाव फिरून पुढच्या हंगामाची उचल वाटत असतो. एका घरात एकीकडं लेकीचं भाषण पाठ करणं चालू असतं, आणि दुसरीकडं बाप अंगठा देऊन उचलीचे पैसे मोजून घेत असतो. ती लेक पुढं काय होणार, हे त्या भाषणावर ठरतं का त्या उचलीवर? आज आपण हेच बोलणार आहोत.

मी बचत गटांची समन्वयक आहे. गटांच्या बैठका, बँकेच्या चकरा, रजिस्टर तपासणं हे माझं रोजचं काम. बैठकीत बाया विचारतात, 'ताई, पोरगी दहावी झाली, आता कशाला घालू?' मग कुणीतरी म्हणतं, 'तिच्या मनाचं करू द्या.' ऐकायला छान वाटतं. पण तिच्या मनात ते आलं कुठून?

सरकारनंही हा प्रश्न विचारून बघितला. २०१६ सालापासून काही वर्षं दहावीच्या लेकरांची 'कल चाचणी' घेतली जायची. प्रश्न सोडवायचे, मग कागद मिळायचा: तुमचा कल कलेकडं, तुमचा कल आरोग्याकडं, तुमचा कल तंत्राकडं. मला तो 'कल' शब्द फार आवडतो. आपण घरावर पत्रा टाकताना कल देतो ना, तोच. पाणी आपल्या मनानं वाहत नाही, कल असेल तिकडं वाहतं. मग लेकराच्या मनाला हा कल देतं कोण? त्यासाठी थोडं मागं जाऊन आपल्या आज्यापणज्यांपासून सुरू करू.

आपल्या पणजोबांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. बलुतेदाराचा पोरगा बलुतं करायचा, कुळकर्ण्याचा पोरगा दप्तर सांभाळायचा, पाटलाचा पोरगा पाटीलकी. आणि पोरगी? तिला तर कुणी विचारायचंच नाही. काय व्हायचं ते जन्मालाच ठरलेलं.

आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभाराची भाषा उर्दू. मोठ्या शाळांतलं शिकवणंही उर्दूत, आणि १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दूतलं. घरात मराठी बोलणाऱ्या लेकरानं शिकायचं तर आधी परकी भाषा शिकायची, मग हैदराबादपर्यंत जायचं. किती जण जाणार? १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसंही साक्षर नव्हती. त्यात बायांचं तर बोलायलाच नको. शाळा लांब होती, भाषा परकी होती आणि घरात पैसा नव्हता. त्यामुळं लेकराचा कल बघण्याची वेळच येत नव्हती.

पण त्याच काळात आपल्या शेजारी, अंबाजोगाईला एक गोष्ट घडली. तिथं योगेश्वरी नूतन विद्यालय होतं. १९३५ साली त्या शाळेत एक संन्यासी गुरुजी आले. त्यांचं घरचं नाव व्यंकटेश खेडगीकर. आपण त्यांना स्वामी रामानंद तीर्थ म्हणतो. त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते. त्यांच्याजवळ ना जमीन होती, ना सत्ता. ते फक्त शिकवत होते आणि लेकरांत राहत होते. १९३८ साली ते शाळा सोडून सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले, आणि पुढं मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले. त्यांच्यासोबत जे तरुण उभे राहिले त्यांच्यात शाळा-कॉलेजातली पोरं मोठ्या संख्येनं होती. त्याच १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला, म्हणून त्यांना काढून टाकलं. त्यातल्या कितीतरी जणांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरं केलं, कारण नागपूर विद्यापीठानं त्यांना दार उघडलं.

मैत्रिणींनो, यातून मला काय दिसतं सांगू? त्या पोरांनी आपल्या आयुष्याचा रस्ता बदलला तो एका माणसाकडं बघून. समोर तसा माणूस नसता तर तीच पोरं चार बुकं शिकून कचेरीत चिकटली असती. लेकरू जे रोज बघतं, त्याचाच त्याला कल लागतो.

१९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर दोन वर्षांत, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं. त्यालाच पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणू लागले. बाबासाहेबांनी कॉलेजासोबत वसतिगृहाचाही विचार केला. हे फार महत्त्वाचं आहे. खेड्यातल्या दलित पोराला नुसतं कॉलेज उघडून काय उपयोग? तो राहणार कुठं, जेवणार कुठं? राहायची सोय झाली आणि ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या अक्षर नव्हतं, त्या घरांतून वकील, प्राध्यापक, लेखक, अधिकारी निघाले. आठ वर्षांनी, १९५८ साली, मराठवाडा विद्यापीठ झालं. हैदराबादची वाट संपली, औरंगाबादची सुरू झाली. पोरांचं डोकं काल होतं तेवढंच आज होतं. वाट मात्र जवळ आली होती आणि मुक्कामाची सोय झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं पोरांचं झालं, पोरींचं काय?

पोरींची गोष्ट पुण्यापासून सुरू होते. १८४८ साली सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. त्यानंतर बाईनं घराबाहेर कोणतं काम करायचं, याचं पहिलं उत्तर 'मास्तरीण' हे झालं. दुसरं उत्तर 'दवाखाना'. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी बाळ झालं, ते दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनानं घेतलं. नवऱ्यानं साथ दिली, अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन चालू केलं. तिथंही बायांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याचंच शिक्षण मिळायचं.

असं का झालं? कारण लेकरू सांभाळणं आणि आजाऱ्याची सेवा ही बाई घरात करतच होती. तेच काम पगारावर बाहेर केलं तर लोकांना फार टोचत नव्हतं. म्हणून आजही आपल्या तालुक्यात पोरीला विचारा, 'तुला काय व्हायचंय?' शंभरातल्या कितीतरी म्हणतात, 'मॅडम नाहीतर सिस्टर.' ते तिचं एकटीचं मन बोलत नसतं. तिच्या मागं दीडशे वर्षांची सवय बोलत असते.

आपल्याकडं तर ही दोन दारंही उशिरा उघडली. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय झालं ते १९७४-७५ च्या सुमारास. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचंच नाव आहे. माझ्या आजीला विचारलं की ती सांगायची, बाळंतिणीला तिथं नेलं की पांढऱ्या कपड्यातल्या पोरी दिसायच्या. माझी आई तेव्हा लहान होती. तिनं तिथं पहिल्यांदा पगार घेणारी बाई बघितली.

पण अंबाजोगाईला दवाखाना उभा राहत होता, त्याच सुमारास आपल्या गावांतून दुसरी वाट निघाली होती. ती उसाची.

१९५० साली नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखानेच कारखाने झाले. ऊस तिकडं आणि तोडणारे हात इकडं. १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं गेली, लोक खडी फोडायला गेले. त्यानंतर आपल्या बीड जिल्ह्यातून उसाला जाणाऱ्या टोळ्या वाढतच गेल्या. पुढं आपल्याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण झालं, पण त्याचं पाणी सगळ्या गावांना थोडंच पुरतं? जिरायत रान असलेलं घर दिवाळीच्या मागंपुढं निघतं, ते शिमग्या-पाडव्यापर्यंत परत येत नाही.

आता शाळेचं वर्ष डोळ्यांपुढं आणा. जूनला शाळा सुरू होते. दिवाळीला घर निघतं. परीक्षा मार्च-एप्रिलला. म्हणजे दुसरं सत्र कोयत्यानं खाल्लं. पोरगा मागं ठेवला तर आजीजवळ राहतो. पोरगी मागं ठेवायची म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. मोठी झालेली पोर कुणाच्या भरवशावर सोडायची? मग ती सोबत जाते. फडावर पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते. दुसऱ्या वर्षी नाव पटावर राहतं, पोर वर्गात नसते.

आणि कोयता म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणतो. उचल जोडीला मिळते, आज ती लाखाच्या घरात गेली. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. पोरीचं लग्न झालं की मागं कुणाजवळ ठेवायची ही काळजी मिटते. म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी सोयरिका होतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या बीड जिल्ह्याची नोंद अशी आहे की वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायांतल्या चाळीसपेक्षा जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्या मुलींचा कल कुणी तपासायचा? दहावीपर्यंत पोचल्याच नाहीत तर कल चाचणीचा कागद कुणाच्या हातात द्यायचा?

मी हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. उचल घेणाऱ्या आईबापांना लेकरू प्यारं नसतं असं नाही. त्यांच्यापुढं त्या महिन्यात तेवढी एकच वाट उघडी असते आणि त्या वाटेवर रोख पैसा आधी मिळतो. शाळेच्या वाटेवर पैसा आधी भरावा लागतो, आणि फळ कधी मिळंल ते माहीत नसतं.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

२००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शाळेत महिना ३,००० रुपये मानधन, आणि तीन वर्षांनी कायम. गावात डी.एड. झालेला पोरगा दोन-तीन वर्षांत नोकरीला लागताना दिसायला लागला. आमच्या गावात तीन गुरुजी लागले. तिघांनीही पत्र्याची घरं पाडून स्लॅबची बांधली. त्यांच्या लग्नांत मोटारसायकली आल्या. मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी डी.एड. खासगी कॉलेजं भराभर निघाली. जागा मिळवायला पैसे मोजावे लागत. लोकांनी रान विकून पैसे मोजले.

२००७ साली मी आणि माझा भाऊ एकाच वर्षी बारावी पास झालो. तो माझ्यापेक्षा मोठा, पण एकदा मागं राहिला होता. मला नर्सिंगला जायचं होतं. आजीनं सांगितलेल्या त्या पांढऱ्या कपड्यातल्या पोरी माझ्या डोक्यात बसल्या होत्या. भावाला खरं म्हणजे गाड्यांचं वेड होतं. ट्रॅक्टर बंद पडला की गावातले लोक त्याला बोलवायचे. पण घरात ठरलं की भाऊ डी.एड. करील. एका खासगी कॉलेजात जागा मिळाली. पैसे कमी पडले. आई नुकतीच बचत गटात आली होती. तिनं गटातून कर्ज काढलं. मला म्हणाली, 'तुझं बीए केजलाच होईल, पास काढून जा-ये कर.' मी गेले. बीए झाले.

भाऊ २००९ ला डी.एड. झाला. २०१० च्या भरतीच्या परीक्षेत थोड्या गुणांनी राहिला. पुढच्या वेळी निघेल म्हणाला. पुढची वेळ आलीच नाही. २०१२ साली सरकारनं शिक्षक भरती थांबवली. २०१३ पासून टीईटी नावाची पात्रता परीक्षा सुरू झाली. डी.एड. झालेले लाखो आणि जागा मूठभर. जी कॉलेजं पैसे घेऊन जागा देत होती, त्यांतली कितीतरी पोरं मिळेनात म्हणून बंद पडली. माझा भाऊ आज गॅरेजात काम करतो. हात चांगला आहे त्याचा. पण जे काम तो सतराव्या वर्षी शिकू शकला असता, ते तिशीत शिकला. मधली बारा-तेरा वर्षं कुणी परत देत नाही.

मला बरेच दिवस आईचा राग होता. नंतर मी गटांचं काम करायला लागले आणि राग गेला. आईला काय दिसत होतं? तीन गुरुजी आणि त्यांची तीन घरं. ज्यांना नोकरी लागली ते दिसतात. ज्यांना लागली नाही ते कुणी मोजत नाही. आई चुकली नाही, तिला बातमी उशिरा पोचली. एखाद्या कामाची चलती खेड्यापर्यंत पोचते तोवर शहरात त्याचा बाजार उठायला आलेला असतो. टोमॅटोचं कसं होतं? शेजाऱ्याला भाव मिळाला म्हणून पुढच्या साली सगळं गाव टोमॅटो लावतं, आणि भाव पडतो. तसंच डी.एड.चं झालं.

आज काय चाललंय बघा. सकाळी पाचला केजच्या रस्त्यावर पोरी पळताना दिसतात. पोलीस भरती. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, म्हणून पोरी ८०० मीटर पळतात, गोळा फेकतात. मला त्या पोरी बघून आनंद होतो. त्यांच्या आज्या उंबऱ्याबाहेर पळत आल्या असत्या तर गाव गोळा झालं असतं. ज्यांना परवडतं त्यांची लेकरं लातूरला शिकवणीला जातात. लातूर पॅटर्नचं नाव झाल्यापासून शिकल्यासवरल्या घरात लेकरानं दहावीला चांगले गुण काढले की ते डॉक्टरच होणार, असं धरूनच चालतात. या दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पण एकाच वाटेवर सगळं गाव पळालं की काय होतं, हे आमच्या घरानं बघितलंय. म्हणून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरीला मी एवढंच सांगते, पळ, पण सोबत दुसरं एक काम हातात ठेव.

मैत्रिणींनो, आता एक दूरची गोष्ट ऐका. पश्चिम बंगालमध्ये बीरभूम नावाचा जिल्हा आहे. १९९३ च्या घटना दुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीत बायांना जागा राखीव झाल्या, तशा तिकडंही झाल्या. काही अभ्यासकांनी तिथल्या जवळपास ५०० गावांत फिरून बघितलं. २०१२ साली ते छापून आलं. ज्या गावांत दोन वेळा बाई प्रमुख झाली होती, तिथं पोरींच्या मनातल्या इच्छा मोठ्या झाल्या होत्या. पोरगा काय होणार आणि पोरगी काय होणार, यातलं अंतर जवळपास तिसऱ्या हिश्श्यानं कमी झालं होतं. शिक्षणातलं पोरं-पोरींचं अंतर तर राहिलंच नव्हतं. त्या सरपंचबाईंनी पोरींसाठी वेगळी शाळा काढली नव्हती. त्या फक्त खुर्चीवर बसलेल्या दिसत होत्या. स्वामीजींच्या शाळेत जे पोरांचं झालं तेच हे.

आता आपल्या गटातली गोष्ट सांगून थांबते. नाव सांगत नाही, तिची इच्छा नाही.

आमच्या एका गटातली ताई ऊसतोडीला जाते. तिची लेक यंदा दहावी झाली, चांगल्या गुणांनी. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याच बीड जिल्ह्यातल्या महावितरणच्या एका बाईचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. ती शिडीशिवाय विजेच्या खांबावर सरसर चढते. ही पोर तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिनं ते बघितलं आणि धरून बसली: 'मला लायनीवर काम करायचंय, मला आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घाला.' बाप म्हणाला, 'खांबावर चढणारी सून कोण करून घेईल?' आई काहीच बोलली नाही. ती गटाच्या बैठकीत बोलली.

त्या बैठकीत आम्ही गटाचं कर्जाचं रजिस्टर काढलं. पहिल्या पानापासून वाचलं. लग्न. शेळी. दवाखाना. लग्न. पाईपलाईन. बियाणं. लग्न. लग्न. शिक्षणाची एकच नोंद निघाली आणि ती वाचताना मला घाम फुटला. ती नोंद माझ्या आईची होती, माझ्या भावाच्या डी.एड.ची. या गटानं आजवर एकाही पोरीच्या शिक्षणाला कर्ज दिलं नव्हतं. दिलं नाही, कारण कुणी मागितलंच नव्हतं. मागितलं नाही, कारण कुणाला सुचलंच नव्हतं.

बैठक शांत झाली. मग माझी आई उठली. आता तिचं वय झालंय, गटात फार बोलत नाही. ती म्हणाली, 'पहिल्या बारीला मी पोराला दिलं, पोरीला नाही. आता हिला द्या.'

कर्ज मंजूर झालं. पण खरा प्रश्न पैशाचा नव्हताच. फी फार नव्हती. प्रश्न असा होता की दिवाळीनंतर आईबाप उसाला गेले की पोरगी राहणार कुठं? २०२१ साली सरकारनं ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, एक मुलांचं, एक मुलींचं. तिथं जागा मिळते का, ते बघायचं ठरलं. आणि नाही मिळाली तर? तेव्हा गटातली दुसरी एक ताई म्हणाली, 'माझ्या घरी राहील. मलाही लेक आहे, दोघी एका खोलीत झोपतील.' बापानं त्या ताईच्या नवऱ्याला जाऊन विचारलं, तो हो म्हणाला, तेव्हा कुठं बाप तयार झाला.

पोरगी आता आयटीआयला जाते. पुढं ती खांबावर चढेल का नाही, नोकरी लागेल का नाही, मी आज सांगू शकत नाही. पण यंदाच्या दिवाळीनंतर ती फडावर जाणार नाही, एवढं नक्की.

आता पुढच्या बैठकीसाठी तीन कामं सांगते. लिहून घ्या, नाहीतर लेकीला लिहायला सांगा.

पहिलं काम. तुमच्या गटाचं कर्जाचं रजिस्टर काढा आणि मोठ्यानं वाचा. शिक्षणाच्या नोंदी किती, त्यात पोरींच्या किती, ते मोजा. त्यावर भाषण करू नका, नुसतं मोजा. पुढचं आपोआप होईल.

दुसरं काम. पैसा आणि कागद वेळेवर ठेवा. प्रवेश जून-जुलैत असतात, आणि तेव्हाच बी-बियाणाला पैसा लागतो. म्हणून गटानं शिक्षणाचा थोडा पैसा उन्हाळ्यातच बाजूला काढावा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि पडताळणी निकालाआधी करून ठेवा. २०२४ साली राज्य सरकारनं एक निर्णय घेतला. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल, तर पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. कितीतरी घरांत ही गोष्ट अजून पोचलेली नाही. पण लक्षात ठेवा, फी माफ आहे, खोलीभाडं आणि खानावळ माफ नाही. ती सोय आपल्याला बघावी लागेल.

तिसरं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत मोठं. महिन्यातून एकदा काम करणारी एखादी बाई गटात बोलवा. तलाठी असेल, एसटीची कंडक्टर असेल, बँकेतली असेल, मोबाईल दुरुस्त करणारी असेल. तिला विचारा, काय शिकली, किती पैसे लागले, पगार किती, त्रास काय. आणि ज्यांना नोकरी लागली नाही त्यांनाही बोलवा. माझा भाऊ यायला तयार आहे. तो येऊन सांगेल की लोक काय करतात हे बघून ठरवू नका, लेकराचा हात कशात बसतो ते बघा. त्या बैठकीला आपल्या आठवी-नववीच्या लेकींना घेऊन बसा. दहावीच्या निकालापर्यंत थांबू नका, तोवर उशीर झालेला असतो.

आमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये शिक्षणाच्या आता दोन नोंदी झाल्या. पहिली २००७ ची, दुसरी यंदाची. दोन्ही नोंदींच्या मधे अठरा वर्षं गेली. तिसरी नोंद कुणाच्या लेकीची, ते मला पुढच्या वेळी ऐकायचंय.